काल्याचं कीर्तन पडद्यावर दिसलं नाही

या, जरा पुढे सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनी भिंतीला आता थोडी सुट्टी द्यावी. आज माईक लावलेला नाही. का नाही, त्याचीच गोष्ट सांगणार आहे. आणि गोष्ट खालच्या आवाजातली आहे, लांबून ऐकू यायची नाही.

सुरतेत डिंडोलीच्या एका सोसायटीत विठ्ठलाचं देऊळ आहे. खानदेशातून लूमवर, म्हणजे यंत्रमागांवर, कामाला आलेल्या माणसांनी पत्र्याच्या शेडमध्ये तिथला कीर्तन सप्ताह सुरू केला, तेव्हा स्पीकर नव्हता. हिलालबुवा गळ्यात वीणा घालून उभे राहत आणि पहिलं वाक्य एवढंच म्हणत, "पुढे सरका." लोक सरकत. पुढे शेडचं देऊळ झालं, देवळाला फरशी लागली, माणसापेक्षा उंच स्पीकर आले, बाहेरगावचे महाराज गाडीतून येऊ लागले. पण शेवटच्या सकाळी काल्याचं कीर्तन हिलालबुवांनीच करायचं, आणि ते माईक बंद करून, ही रीत तेवढी टिकली. लूमच्या कापूसधुळीनं बुवांचा गळा बसला होता. तरी त्या सकाळी माणसं एकमेकांच्या गुडघ्यांत गुडघे घालून बसत, आणि कीर्तन संपल्यावर वर बांधलेली दह्यालाह्यांची हंडी फुटे.

बुवांची बायको शोभाबाई वर्षभर त्या एका सकाळवर जगायची. "घरमा काही विचारं तं नुसतं हूं म्हनतस," ती शेजारणींना सांगायची. "वर्षातून एक डाव माले नवरा ऐकाले भेटस."

यंदा सप्ताहाच्या तोंडावर एक तक्रार आली. देवळासमोरच्या, सोसायटीच्याच नव्या बिल्डिंगमधली शीतल, अमरावतीकडची, हळू बोलणारी मुलगी. तिच्या मांडीवर पाच महिन्यांचं बाळ. तिनं लिहिलं होतं, 'स्पीकरचा आवाज थोडा कमी करावा, बाळ झोपत नाही. कीर्तनाला आमची हरकत नाही, उलट आवडतं.' सोसायटीच्या समितीनं यातलं दुसरं वाक्य विषयाला सोडून आहे म्हणून कामकाजातून वगळलं आणि पहिल्या वाक्यावर ध्वनी उपसमिती नेमली. अध्यक्ष बन्सीलाल, तांत्रिक सल्लागार योगेंद्र, महिला प्रतिनिधी शोभाबाई. महिला प्रतिनिधीकडे चहाचं खातं होतं.

योगेंद्र कापड मार्केटात नोकरीला होता आणि त्याच्या मोबाईलमध्ये एक अॅप होतं. त्यात आवाज दिसे. जाडा आवाज खाली, बारीक आवाज वर. जोराचा असेल तर तांबडा, मध्यम पिवळा, हलका निळा, आणि काहीच नसेल तिथे काळं.

"काका, आ जुओ ने, हे बघा," तो बन्सीलालना म्हणाला. "तुम्ही खोकलात ना, तो हा तांबडा ठिपका. एकदम सायंटिफिक."

बन्सीलालनी पुन्हा खोकून पाहिलं. आपला खोकला इतका देखणा असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. अॅप त्याच बैठकीत एकमतानं मंजूर झालं.

मात्र अॅपची एक अट होती. वापरण्याआधी ते सांगे : शांत जागी फोन धरा आणि 'शून्य' दाबा. तेव्हा शांत जागा कुठली यावर चर्चा झाली. देवळात घंटा होती, गच्चीवर पाण्याची मोटर, रस्त्यावर रिक्षा. अखेर बन्सीलाल सगळ्यांना सोसायटीच्या मागच्या लूमच्या कारखान्यात घेऊन गेले. सारी हयात त्यांनी तिथे काढली होती. पाळी बदलायची वेळ होती, निम्म्या लूम बंद होत्या, उरलेल्या निम्म्या खडाखड चालू होत्या.

"बघा!" बन्सीलाल ओरडले. ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं. "कशी शांतता आहे!"

"काय?" योगेंद्र ओरडला.

"शांतता! शांतता आहे!"

शोभाबाई कानावर पदर धरून म्हणाली, "भाऊ, हाई शांतता शे? मन्हं काळीज हाली ऱ्हायनं!" पण तिचं म्हणणं लूमच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही, त्यामुळे विरोध नोंदवला गेला नाही. समितीतले सगळेच लूमवरचे. इतकी वर्षं त्या खडखडाटात झोपून उठलेले. त्यांना ती जागा खरोखरच शांत वाटली. योगेंद्रनं शून्य दाबलं. अॅपनंही ते मान्य केलं : यापेक्षा हळू ते सगळं काळं. ते सुरतेत नवीन होतं.

पहिल्या संध्याकाळी बाहेरगावच्या महाराजांचं कीर्तन पूर्ण स्पीकरवर झालं. मोबाईलवर खाली एक निळी रेघ फक्त हलली. बन्सीलालनी जाहीर केलं, "आवाज मर्यादेत आहे. किंबहुना वाढवायला भरपूर जागा शिल्लक आहे." शिल्लक जागा वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी स्पीकर मागवले.

शीतल बाळाला खांद्यावर घेऊन देवळात आली. "काका, खिडकीच्या काचा थरथरतात हो," ती म्हणाली.

योगेंद्रनं मोबाईल तिच्या तोंडापुढे धरला. "परत बोला."

"काचा थरथरतात म्हटलं."

पडदा काळा. योगेंद्रनं तो बन्सीलालना दाखवला. बन्सीलालनी तोंडी तक्रार 'अप्राप्त' असा शेरा मारला. इतक्यात फोनच्या अगदी जवळ बाळ रडायला लागलं, आणि पडद्यावर वरपासून खालपर्यंत तांबडा पट्टा उमटला. समिती हादरली. सोसायटीत नियमबाह्य आवाज अखेर सापडला होता! त्याच रात्री नोटीस निघाली : रहिवासी क्रमांक अमुक, वय पाच महिने, यांनी आवाज न काढण्याची दक्षता घ्यावी. खुलासा सही किंवा अंगठ्यासह सादर करावा.

"ए बाई, लाव त्याचा अंगठा," शोभाबाई शीतलला म्हणाली. "तोंडातून काढशील तव्हा." शीतल कितीतरी दिवसांनी हसली.

पुढचं सगळं ओघानंच आलं. मोबाईल मोठ्या पडद्याला जोडून पडदा विठ्ठलाच्या उजव्या हाताला उभा केला. लोक आधी विठ्ठलाला हात जोडत, मग पडद्याला. कुणाच्या टाळीला किती तांबडं उमटलं हे लोक एकमेकांना दाखवू लागले. 'जय जय रामकृष्ण हरी' म्हणताना डोळे मिटायची सवय सुटली, कारण मिटल्या डोळ्यांना आपला रंग दिसत नसे. महाराजही हुशार. विठ्ठलाचं नाव पडद्यावर निळसर दिसतं आणि "लक्ष द्या!" तांबडं दिसतं हे ध्यानात येताच त्यांनी विठ्ठलाचं नाव कमी केलं.

मग काल्याच्या आदल्या दिवशी बन्सीलाल बुवांच्या घरी आले. दोघं एकाच पाळीत वाढलेले.

"हिलालभाऊ, उद्या माईक घ्यावा लागेल."

बुवा म्हणाले, "कशाला? लोक पुढे सरकतात की."

"पुढे कशाला सरकायचं आता? पडदा मागूनही दिसतो. हे बघ, कीर्तन पडद्यावर उमटलं नाही तर ते झालं असं मला लिहिता येत नाही. आणि कीर्तन झाल्याशिवाय हंडी फोडता येत नाही. माझे हात बांधलेत."

"कुणी बांधले?"

"मीच. ठराव माझाच आहे."

शोभाबाई चहा ठेवत, बुवांकडे बोट करत म्हणाली, "बन्सीभाऊ, तुमनी माय गयी तव्हा तुम्ही कोन्हा मांडीवर रडनात? तव्हा यासनी गायेल तुमले ऐकू उनं ना? का तव्हाबी पडदा लायेल व्हता?"

बन्सीलालनी मान खाली घातली. चहा पिऊन, हात जोडून ते निघून गेले. माणूस वाईट नव्हता. अध्यक्ष होता.

बुवा बराच वेळ वीणेची खुंटी पिळत बसले. शोभाबाईनं विचारलं, "मंग? लेतस का माईक?"

"हूं," बुवा म्हणाले. मग खुंटी सोडून म्हणाले, "नाही. माईकमध्ये माझा गळा फाटक्या पत्र्यासारखा वाजतो. जसा आहे तसाच विठ्ठलापुढे उभा राहीन."

सकाळी देऊळ भरलं. बुवा उभे राहिले. "पुढे सरका," ते म्हणाले. पण सगळ्यांचे डोळे पडद्यावर होते, आणि पडदा काळा होता. कुणी सरकलं नाही. बुवांनी गायला सुरुवात केली. यशोदा कृष्णाला शोधत दारोदार फिरते तो भाग. आवाज इतका हळू, जणू तिला कुणी झोपलेल्या घरांतून जायला सांगितलं आहे.

"बुवा, सुरू करा!" मागून कुणीतरी ओरडलं. त्या ओरडण्याचा मात्र छान पिवळा पट्टा उमटला, म्हणून चौघांनी आणखी ओरडून पाहिलं.

बुवा गातच होते. काळ्या पडद्याकडे बघून बघून लोक कंटाळले, जांभया देत एकेक उठू लागले. "लाइट गेली वाटतं," एक जण म्हणाला. "नहीं रे, बुवा आलेच नाहीत," दुसरा म्हणाला, आणि बुवांना वळसा घालून चप्पल शोधायला गेला.

पुढे तिघं उरली. एक शोभाबाई. दुसरा पंडित नावाचा जुना कारागीर, लूमवर त्याचे कान केव्हाच गेले होते. पण लूमच्या खडखडाटात कारागीर एकमेकांच्या ओठांवरून बोलणं वाचतात, तसा तो बुवांचे ओठ वाचत होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. तिसरी शीतल. सप्ताहाला हरकत घेणारी म्हणून तिला सगळी सोसायटी ओळखत होती. ती पार वीणेजवळ येऊन बसली होती. मांडीवर बाळ गाढ झोपलं होतं, सप्ताह सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

यशोदेला कृष्ण सापडला. बुवांनी हात जोडले आणि हंडीकडे पाहिलं. बन्सीलालनी पडद्याकडे पाहिलं. मग जड हातानं लिहिलं : काल्याचं कीर्तन झालं नाही.

आता हंडीचं काय? वर दही, खाली ताटकळलेले लोक. योगेंद्रनं मार्ग काढला. त्यानं महाराजांचं रेकॉर्ड केलेलं "लक्ष द्या!" सगळ्या स्पीकरवर एकदम लावलं. पडदा तांबडालाल झाला, टाळ्यांचा कडकडाट झाला, कीर्तन झालं असं ठरलं, हंडी फुटली. बाळ दचकून उठलं आणि त्याला दुसरी नोटीस लागू झाली.

हिलालबुवांवर अन्याय झाला असं मात्र कुणी म्हणू नये. महिन्याभरात सोसायटीनं त्यांचा जाहीर सत्कार केला. सगळ्या नोंदी तपासल्यावर, भर देवळात तासभर उभे राहून जराही आवाज न करणारे ते एकमेव रहिवासी निघाले होते. शाल, श्रीफळ आणि 'आदर्श शांत नागरिक' असं सन्मानचिन्ह. सगळे स्पीकर लावून त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. बुवा माईकपासून बाजूला झाले आणि म्हणाले, "पुढे सरका." शोभाबाई, पंडित आणि शीतल सरकले. बाकीच्यांनी फोटो काढले.

तुम्ही मघापासून माना हलवताय. आपण तिथे असतो तर नक्की पुढे सरकलो असतो, असं वाटतंय ना? वाटू द्या. फक्त मी आल्याबरोबर म्हणालो होतो, पुढे सरका. जरा मागे वळून बघा, भिंत पाठीला अजून तशीच लागते आहे. आणि मधेच तुमच्या खिशातला तो पडदा उजळला, तेव्हा यशोदा कुठल्या दारात उभी होती, ते तुम्हाला सांगता येईल का?

असो. माझं एवढंच मागणं आहे : घरी गेल्यावर हिलालबुवांची एकदा आठवण काढा. मोठ्यानं नको. लूमच्या खडखडाटात हरवेल इतकी हळू काढा, त्यांना तेवढी पुरते.