लिंडाउला दोघांचं तिकीट

बाम्बर्ग स्टेशनवरच्या तिकिटांच्या यंत्राने किती प्रवासी असं विचारलं, आणि एकार्ट डोर्फलरच्या बोटाने त्याला न विचारताच 'दोन' दाबलं. बोटाचा तरी काय दोष? नाटक असो, नदीतली बोट असो की पोहण्याचा तलाव, लग्न झाल्यापासून ते 'दोन' म्हणत आलं होतं.

तिकीट बाहेर आलं. दिवसभर राज्यात कुठेही हिंडा, फक्त जलद गाड्यांत बसू नका, असं ते स्वस्तातलं तिकीट. त्यावर गाडीत चढण्याआधी प्रवाशांची नावं लिहावी लागतात. एकार्टने चष्मा लावला, पेन काढलं, भिंतीला टेकून सुवाच्य अक्षरात आपलं नाव लिहिलं आणि त्याखाली लिहिलं, रोझविथा डोर्फलर. शेवटचं अक्षर पुरं झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की रोझविथाला जाऊन दोन वर्षं झाली.

तो तिकिटाकडे बघत उभा राहिला. नाव छान आलं होतं. खोडावंसं वाटेना, आणि खोडून चालणारही नव्हतं. खाडाखोड झाली की तिकीट बाद, हा नियम होता आणि एकार्ट नियम वाचणाऱ्यांपैकी होता.

आजचा प्रवास नीट पार पडणं फार जरुरीचं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केल्यापासून कासेलला राहणारी त्याची मुलगी हाइके मागे लागली होती. आई गेली, गाडी गेली, आता एकटा राहून काय करणार, आमच्या गॅरेजवरच्या खोलीत ये, असं ती दर रविवारी फोनवर सांगे. खोली चांगली होती. तिरक्या छताची, उबदार. पण आपण तिथे दिवसभर खालच्या दाराची उघडझाप ऐकत बसलो आहोत, असं एकार्टला एकदा स्वप्न पडलं होतं आणि जागं झाल्यावरही ते दार काही वेळ वाजत राहिलं होतं. शेवटी दोघांत ठरलं. त्याने मोटारीशिवाय, घरच्यांची मदत न मागता, लिंडाउच्या तळ्यावर सुट्टीला जाऊन दाखवायचं. जमलं तर खोलीचा विषय बंद. नाही जमलं तर सामान बांधायचं.

तिकिटाच्या शोधातच त्याचा सगळा जून गेला होता. जलद गाड्यांची स्वस्त तिकिटं होती, पण ती एकाच ठरावीक गाडीची. ती चुकली की हातात नुसता कागद. शिवाय ही तिकिटं पाखरांच्या जातीची. पडद्यावर दिसली म्हणून एकार्ट चष्मा आणायला आत जाई, आणि परत येईपर्यंत ती उडालेली असत व त्याच फांदीवर दुप्पट भावाची येऊन बसलेली असत. मग त्याने घाई नसलेल्या माणसाचा रस्ता धरला. सगळीकडे थांबत जाणाऱ्या गाड्या आणि दिवसभराचं तिकीट.

"दुसरं कोण येतंय?" मागून कोणीतरी विचारलं.

पाठीवर पिशवी, हातात डोंगर चढायच्या दोन काठ्या, आखूड पांढरे केस. बाई उत्तरेकडच्या होत्या, हे बोलण्यावरूनच कळत होतं. समुद्रावरच्या वाऱ्यात तोंड फार उघडायचं नाही, अशा सवयीचं ते बोलणं. यंत्रापाशी रेंगाळून कोणाच्या तिकिटात जागा आहे का ते बघण्यात त्या देशात कोणाला लाज वाटत नाही.

"कोणी नाही," एकार्ट म्हणाला.

"मग मी आहे. टॉमसेन. ओबर्स्टडॉर्फपर्यंत." बाईंनी अर्धे पैसे त्याच्या हातावर ठेवले आणि तिकीट घेऊन वाचलं. "ही रोझविथा कोण?"

"माझी बायको."

"कुठाय ती?"

"वारली."

बाईंनी तिकीट पुन्हा एकदा वाचलं. "मग तिची हरकत नसेल," त्या म्हणाल्या, आणि गाडी आली.

जन्मात कधी चुकीच्या बाजूला गाडी न लावलेला एकार्ट खिडकीशी अंग चोरून बसला. तपासनीस बाई आल्या, तिकीट घेतलं, एकदा त्याच्याकडे आणि एकदा टॉमसेनबाईंकडे पाहिलं. एकार्टची मान लाल झाली. खरं काय ते सांगून टाकावं, फार तर मधल्या स्टेशनवर उतरवतील, असा विचार करून त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात त्याला गॅरेजचं दार ऐकू आलं आणि तोंड उघडंच राहिलं.

"एकार्ट, तोंड मीट, वारा जातोय," टॉमसेनबाई म्हणाल्या. "आणि ओळखपत्रं काढ. सुटकेसच्या अगदी तळाशी घातलीस ना तू?"

तपासनीस बाई हसल्या. राहू द्या, म्हणाल्या, आमच्याकडेही हाच प्रकार आहे. सुखाचा प्रवास, रोझविथाबाई, असं मोठ्याने म्हणून त्या पुढे गेल्या.

एकार्टला धक्का बसला तो त्या 'तू'चा. त्या भागात जिन्यावर रोज भेटणारी माणसंसुद्धा जन्मभर एकमेकांना तुम्ही म्हणतात. तू म्हणायचं तर आधी एकाने तसं सुचवावं लागतं, दुसऱ्याने मान्य करावं लागतं आणि शक्यतो दोघांच्या हातात ग्लास असावा लागतो. हाइके सोडली तर दोन वर्षांत त्याला कोणी तू म्हटलं नव्हतं.

"माफ करा," टॉमसेनबाई हळूच म्हणाल्या. "नवरा-बायको तुम्ही-तुम्ही करायला लागली की संशय येतो."

एकार्टला ते पटलं, पण जीभ वळेना. मग तू किंवा तुम्ही यांतलं काहीच लागणार नाही अशी वाक्यं तो शोधून बोलू लागला. खिडकी उघडायची का? उकडलेलं अंडं आहे, चालेल का? अशा वाक्यांवर न्यूर्नबर्ग आलं.

दोन बाकं मागे त्याच्या घराच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या हिल्पर्टबाई बसल्या होत्या, हे त्याला फार उशिरा कळलं. त्या बहिणीकडे निघाल्या होत्या. एक परकी बाई डोर्फलरना तोंड मीट म्हणते आणि तपासनीस तिला रोझविथा म्हणते, एवढं त्यांनी नीट ऐकलं. रोझविथाच्या शवपेटीवर मूठभर माती त्यांनी स्वतःच्या हाताने टाकलेली होती. न्यूर्नबर्गला उतरल्यावर बहिणीच्या गळ्यात पडण्याआधी त्यांनी हाइकेला फोन लावला.

आउग्सबुर्गला बदललेली गाडी मात्र वेगळीच निघाली. तिला कुठे पोचायचं आहे असं वाटतच नव्हतं. बाहेर हिरव्या टेकड्या एकीतून एक निघत होत्या, चर्चचे कांद्यासारखे घुमट गवतातून वर येत होते आणि परत गवतात बुडत होते. गायी गाडीकडे बघत होत्या. मोटारीतून याच वाटेने किती वेळा गेलो, पण रस्ता सोडून काही पाहिलंच नाही, असं एकार्टला वाटलं. मग काचेला डोकं टेकलं आणि त्याला आपण गाडी चालवतो आहोत असं वाटू लागलं. शेजारी रोझविथा होती, मांडीवर नकाशा उलटा धरून.

"रोझविथा, पुढे डावीकडे ना?" त्याने विचारलं.

"सरळच," शेजारून उत्तर आलं. "आपण रुळांवर आहोत."

हे त्याला इतकं पटलं, की तो आणखी गाढ झोपला.

या गाडीतला तपासनीस लांब दाढीचा तरुण होता आणि मनाने फारच हळवा. त्याच्या आई-वडिलांचा नुकताच घटस्फोट झाला होता. झोपलेला नवरा आणि त्याच्या गुडघ्यावर आपलं जाकीट टाकून बसलेली बायको पाहून त्याला भरून आलं. येता-जाता तो त्यांच्यापाशी थांबू लागला. डोंगर कुठल्या बाजूला दिसतील ते सांगून गेला, लग्नाला किती वर्षं झाली ते विचारून गेला. टॉमसेनबाईंनी सांगितलं, पुरेशी झाली.

इमेनश्टाट जवळ आलं तेव्हा तो मुद्दाम सांगायला आला, की इथे गाडीचे दोन भाग होतात. पुढचे डबे ओबर्स्टडॉर्फला जातील, मागचे लिंडाउला. "पण तुम्ही दोघं बसून राहा, लिंडाउ म्हणालात ना? तुम्ही बरोबर डब्यात आहात."

टॉमसेनबाईंना पुढच्या डब्यांत जायचं होतं. त्यांचा हात काठ्यांकडे गेला होता. पण तो पोरगा वाटेतच उभा होता, कौतुकाने बघत. आणि नेमका तेव्हा एकार्टचा फोन वाजला.

"पपा, तू कोणाबरोबर आहेस?" हाइकेने विचारलं.

एकार्टने वर दाढीकडे पाहिलं. "रोझविथाबरोबर," तो म्हणाला.

मग हाइके लहान मुलाशी बोलावं तशी बोलली. "पपा. आई नाहीये आता."

"ते मला माहीत आहे."

"मग ती कोण आहे?"

याचं उत्तर देणं त्या जागी शक्य नव्हतं. एकार्टने दुसरा काही मार्ग न सुचून फोन टॉमसेनबाईंकडे दिला. त्यांनी तो घेतला, तपासनिसाकडे पाहिलं आणि पाठ ताठ केली.

"मी रोझविथा बोलतेय," त्या म्हणाल्या. "पपा ठीक आहे तुझा. आत्ताच झोप झाली त्याची, आणि आता आम्ही दोघं मिळून..."

इथे फोन बंद पडला. डोंगरात फोनचं असंच असतं.

पोरगा समाधानाने निघून गेला. टॉमसेनबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. पुढचे डबे त्यांची सुट्टी घेऊन दरीतून वळताना दिसत होते. एकार्टने इतक्या वेळा माफी मागितली, की शेवटी त्यांनी त्याला बसायला सांगितलं. त्यांना पुढच्या स्टेशनवरून परत फिरता आलं असतं. पण आपण एका अनोळखी मुलीशी तिची मेलेली आई होऊन बोललो, हे त्यांना गिळता येत नव्हतं. "बोलले मी, तर निस्तरेनही मीच," त्या म्हणाल्या आणि काठ्या खाली ठेवल्या.

तळ्यातल्या लिंडाउच्या बेटावर उतरल्यावर फोन शुद्धीवर आला. हाइकेचा निरोप होता, की मी मोटारीने निघाले आहे, तू आहेस तिथेच बस, हलू नकोस. त्याने लावलेले फोन तिने उचलले नाहीत. गाडी चालवताना ती कधीच उचलत नसे. ही शिस्त तिला त्यानेच लावली होती.

दोघं बंदराच्या भिंतीवर जाऊन बसली. तळं सपाट पडलं होतं आणि पलीकडचे डोंगर पाण्यावर टेकवल्यासारखे दिसत होते. पांढरी बोट निघाली की सगळं हलायचं आणि ती गेली की पुन्हा जागच्या जागी यायचं. एकार्ट पोचला होता. एकही गाडी चुकली नव्हती. आणि तरी सामान बांधावं लागणार होतं, कारण बाप वेडा झाला याची मुलीला आता खात्री पटली होती.

"खोली वाईट आहे का?" सगळी हकीगत ऐकून टॉमसेनबाईंनी विचारलं. त्या पावात घातलेला धुरी दिलेला मासा खात होत्या.

"चांगली आहे," एकार्ट म्हणाला. "पण तिथे रोझविथा कधी राहिली नाही. घरी काही वेळा ती शेजारच्या खोलीत असल्यासारखं वाटतं. तिथे नुसतं गॅरेज."

टॉमसेनबाईंनी उरलेला अर्धा पाव त्याला दिला.

ऊन उतरू लागलं तेव्हा हाइकेचा फोन आला. आवाज रडवेला होता. शाळांच्या सुट्टीचा पहिला शनिवार. उत्तरेकडचा सगळा देश त्याच रस्त्यावर आला होता. ती मेमिंगेनजवळ अडकली होती, गाड्या हलत नव्हत्या, लोक रस्त्यात खुर्च्या मांडून बसले होते. "पपा, मला काही सुचत नाहीये."

एकार्ट उठून उभा राहिला. "सरकत सरकत पुढच्या फाट्याला बाहेर पड," तो म्हणाला. "गाडी स्टेशनबाहेर लाव. तिथून इकडे थेट गाडी येते, बदलायची गरज नाही. यंत्रात दिवसाचं तिकीट बघ, आणि साधं स्वस्त पडत असलं तर साधंच घे. आणि हाइके, डाव्या बाजूला बस. ऊन लागणार नाही."

ती आली तेव्हा तळं गुलाबी झालं होतं. गालावर खिडकीच्या रबराचा वळ होता. ती रागावलेली दिसत नव्हती, नुकतं झोपेतून कोणीतरी उचलून आणलेल्या पोरीसारखी दिसत होती. मी झोपले, असं ती आल्या आल्या म्हणाली. गायी बघत होते आणि झोपले. दिवसाढवळ्या किती वर्षांनी झोपले. मग आपण कशाला आलो ते तिला आठवलं. तिने एकार्टचा हात धरला, भिंतीवर बसलेल्या बाईंकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात विचारलं,

"पपा, मला नीट सांग. ह्या कोण?"

सगळी खोली, तिच्या तिरक्या छतासकट, आता एका उत्तरावर उभी आहे हे एकार्टला कळलं. त्याने बाईंकडे पाहिलं. त्यांनी त्याला दिवसभरात दटावलं होतं, झोपवलं होतं, पाव दिला होता. त्याने बराच विचार केला.

"रोझविथा नाही, एवढं नक्की," तो म्हणाला. "खरं नाव मला माहीत नाही. विचारायचं राहूनच गेलं."

हाइके त्याच्याकडे बघत राहिली. वेड लागलेला माणूस इतकं ओशाळत नाही, हे तिला दिसलं असावं. तिचे खांदे हलू लागले आणि ती भिंतीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. टॉमसेनबाई उठल्या, तिच्यासमोर आल्या, आणि आपलं नाव वीबके असून फोनवर जे बोललो ते आपण परत घेतो, असं त्यांनी साक्ष दिल्यासारखं सांगितलं. हाइकेने त्यांचा हात बराच वेळ सोडला नाही.

मग तिघं मासे खायला निघाली. वाटेत हाइके म्हणाली, की उद्या मेमिंगेनहून मोटार आणायची आहे, तर तू जरा चल, ते तिकिटाचं यंत्रबिंत्र मला एकटीला जमायचं नाही. आणि लवकर पोचणारी गाडी बघू नकोस. सगळीकडे थांबणारी बघ.

एकार्टने होकार दिला. थोडं पुढे गेल्यावर त्याने घसा खाकरला.

"आणि त्या खोलीचं काय?"

"कुठली खोली?" हाइके म्हणाली, आणि पाण्याकडे बघत चालत राहिली.