केळुसकरांचा वकील

केळुसकर गाडी चालवताना स्वतःच्या गाडीची कॉमेंट्री करायचे. "आता मी उजवो इंडिकेटर घालतंय. मागसून ट्रक येता हा. येवंदे. जावंदे मेल्याक. आता मी वळतंय." शेजारी कोणी असो-नसो, हे चालूच. ओमानमधल्या बातिनाच्या हमरस्त्यावर सगळं जग एकशेवीसने धावत असताना केळुसकर डाव्या-उजव्या बाजूने हॉर्न खात साठने जायचे. मी एकदा कंटाळून म्हणालो, "अहो, ऑफिस सुटायच्या वेळेला पोचू आपण." त्यावर ते म्हणाले, "कुलकर्ण्यानू, पोचूक व्हया, ह्या म्हत्त्वाचा."

दत्ताराम केळुसकर मूळचे वेंगुर्ल्याकडचे. सहममधल्या आमच्या मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ते कॉम्प्रेसर सांभाळायचे आणि मी स्टोअर्स. ते दारू घ्यायचे फक्त शुक्रवारी दुपारी, तीही औषधाच्या बाटलीच्या टोपणाने मोजून. ह्या माणसाला दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पकडलं, हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मी चुकीचा नंबर म्हणून फोन ठेवून दिला. पोलिसांनी पुन्हा केला. केळुसकरांनी जवळचा माणूस म्हणून माझं नाव दिलं होतं.

चौकीत जे कळलं त्याने मी कपाळाला हात लावला. पोलिसांना काहीच संशय नव्हता. सोहारहून येताना केळुसकर इतके हळू चालले होते, की गाडी बिघडली असेल म्हणून बिचारा पोलीस मदतीला थांबला होता. त्याने विचारलं, "मुश्किला?" म्हणजे, काही अडचण? केळुसकरांनी काच खाली करून सांगितलं, "साहब, मुश्किल कुछ नहीं. दो गिलास व्हिस्की लिया है, इसलिए धीरे जाता है."

"अहो, सांगायची काय गरज होती?" मी चौकीतच ओरडलो.

"त्येने इचारल्यान. माका खोटा बोलूक जमणा नाय."

जामीन झाला, पासपोर्ट पोलिसांकडे राहिला, आणि तारीख पडली. कंपनीच्या मॅनेजरने हात झटकले. "ही वैयक्तिक बाब आहे. वकील तुमचा तुम्ही बघा. शिक्षा मोठी झाली तर व्हिसा रद्द होईल, मी काही करू शकणार नाही." कोणी म्हणे तुरुंग नक्की, कोणी म्हणे तुरुंगातून सरळ विमानतळ. मी जेवताना मधेच थांबायचो. बायको म्हणायची, "खटला त्यांच्यावर आहे ना?" केळुसकर मात्र रोजच्यासारखे कॉम्प्रेसरला कान लावून उभे.

इथे कोर्टाचं सगळं कामकाज अरबीत चालतं आणि कोर्टात उभा राहणारा वकील ओमानीच लागतो. म्हणजे पुण्याचा माझा वकील मेहुणा उपयोगाचा नव्हता. मग आमची वकील शोधण्याची वारी निघाली. गाडी मी चालवायचो, आणि शेजारी बसून केळुसकर माझी कॉमेंट्री करायचे. "आता तुमी ब्रेक मारूक व्हयो होतो."

पहिले वकील सहममध्येच, अत्तराच्या दुकानावरच्या मजल्यावर. मोठा प्रेमळ माणूस. खजूर पुढे केले, कहवा ओतला आणि म्हणाले, "साधी गोष्ट आहे. तुम्ही ज्यूस समजून प्यालात. कोणीतरी त्यात मिसळलं होतं."

मला हायसं वाटलं. तोवर केळुसकर पुढे सरकले. "नहीं साहब. ज्यूस नहीं था. व्हिस्की था. मैंने खुद डाला. नाप के डाला."

वकिलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग आणखी एकेक खजूर देऊन त्यांनी आम्हाला जिन्यापर्यंत पोचवलं. "अल्ला करीम," देव दयाळू आहे, एवढंच म्हणाले.

दुसरं ऑफिस सोहारला, काचेचं, चकचकीत. तिथल्या मल्याळी सल्लागाराने सगळं भराभर लिहून घेतलं. "आमचे वकील तुम्हाला कोर्टातच भेटतील," तो म्हणाला.

"त्याआधी नाय भेटूचे?" केळुसकर माझ्या कानाशी लागले. "ज्येने माझा त्वांड बगूक नाय, तो माझ्याबद्दल काय सांगतलो?" आणि उठले. लिफ्टचं बटण मी चारदा दाबलं. तारीख जवळ येत चालली होती आणि हा माणूस नवरीमुलगी पाहायला निघाल्यासारखा वकील नाकारत होता.

तिसऱ्या मरियमबाई. शेजारच्या खाबुऱ्याच्या. काळ्या पायघोळ अबायातल्या, चाळिशीच्या, आणि हिंदी आमच्यापेक्षा बरी. केळुसकरांनी पहिल्याच वाक्यात सगळं कबूल करून टाकलं. मी डोळे मिटून घेतले. बाई म्हणाल्या, "छान. म्हणजे मला लक्षात ठेवायला कमी." केळुसकर खूश झाले. मग बाईंनी सरळ विचारलं, "एरवी दारू प्यायल्यावर तुम्ही गाडीला हात लावत नाही, असं हे कुलकर्णी म्हणतात. मग त्या दिवशी का लावलात? सोहारला काय काम होतं?"

केळुसकरांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"कारण असेल तर न्यायाधीश ऐकतात. नसेल तर तुम्ही फक्त दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांतले एक आहात."

"ता मी सांगूचंय नाय," ते मला म्हणाले. मी बाईंना तसं सांगितलं. परतीच्या वाटेवर कॉमेंट्रीही नव्हती. मी विनवलं, रागावलो, त्यांच्या मुलीची शपथ घातली. ते खिडकीबाहेरच्या खजुराच्या बागांकडे बघत राहिले. काहीतरी लाजिरवाणं असणार, असं मला पहिल्यांदाच वाटून गेलं, आणि ते वाटल्याने मी जास्तच घाबरलो.

दोन दिवसांनी संध्याकाळी दारात बशीर उभा. केळुसकर राहायचे त्या मेसचा हा आचारी, श्रीवर्धनचा. केळुसकरांचं आणि त्याचं रोज कडाक्याचं भांडण. नारळ किती, तिरफळ घालायचं की नाही, बांगडा तळायचा की कालवणात सोडायचा, काहीही पुरायचं. दोघांचे आवाज रस्त्यावर ऐकू यायचे. आता तो दाराची चौकट धरून दम घेत होता.

"साहेब, त्या दिवशी माझ्या छातीत कळ आली. नमाजाची वेळ, मेसमध्ये कोणी नाही, रस्त्यावर टॅक्सी नाही. मी म्हटलं, अँब्युलन्स नको." ते का, हे मला कळत होतं; इथे अँब्युलन्स पोलिसांकडूनच येते. बशीरचा व्हिसा खाबुऱ्यातल्या एका शेतावरचा होता, आणि तो सहममध्ये स्वयंपाक करत होता. चौकशी झाली असती तर घरी रवानगी. "केळुसकरांनी मला गाडीत घातलं. साहेब, काय पळवली गाडी! तोंडातून शब्द नाही. मला सोहारच्या इस्पितळात दाखल केलं आणि मग परत निघाले. मी कोर्टात येऊन सांगतो. मला पाठवेनात का परत."

दुसऱ्या दिवशी केळुसकरांना न सांगता मी त्याला मरियमबाईंच्या ऑफिसात नेलं. कागदांवर सही करायला केळुसकर टॅक्सीने आधीच येऊन बसले होते. बशीरला दारात पाहताच त्यांचा चेहरा उतरला. बाईंनी विचारलं, "हे कोण?"

"मालूम नहीं," केळुसकर भिंतीकडे बघत म्हणाले. "मैं इनको पहचानता नहीं." आणि त्याच दमात, तोंड न वळवता, हळूच: "सकाळची गोळी घेतलंस काय रे?"

"घेतली," बशीर म्हणाला.

मरियमबाईंना मालवणी येत नव्हती, पण त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि हसू लपवायला पदर नसल्याने खिडकीकडे वळल्या. बराच वेळ तशाच उभ्या होत्या. मग बशीरला म्हणाल्या, "तुम्ही घरी जा. आणि तुमच्या व्हिसाचं काहीतरी करा, लवकर." आम्हाला म्हणाल्या, "आजारी माणसाला इस्पितळात नेलं, एवढं मी कोर्टात सांगेन. नाव विचारलं तर माझा अशील देणार नाही, हेही सांगेन. मानायचं की नाही, ते न्यायाधीशांच्या हातात."

कोर्टात माझ्या हातातला रुमाल पिळून निघाला. दुभाष्याने विचारलं, दारू प्यायला होतात? हो. माहीत असून गाडी चालवलीत? हो. मरियमबाई शांतपणे बोलत राहिल्या. न्यायाधीशांनी रुग्णाचं नाव विचारलं. त्या एक वाक्य बोलून खाली बसल्या. न्यायाधीश चष्म्यावरून केळुसकरांकडे बघत राहिले, आणि केळुसकर आपल्या बुटांकडे.

थोड्या दिवसांचा तुरुंग झाला आणि लायसन्स काही काळासाठी गेलं. देशाबाहेर काढायचं मात्र टळलं. मी बाकावरच बसून राहिलो. मरियमबाईंनी मला पाण्याची बाटली दिली. केळुसकरांनी मागे वळून, मला धीर द्यायला, हात हलवला.

ते सुटले त्या दिवशी मी आणायला गेलो. दाढी वाढलेली, शर्ट ढगळ झालेला. बशीरला मेसच्या मालकाने आपल्या व्हिसावर घ्यायचं कबूल केलं होतं, कागद पुढे गेले होते. ते सांगितलं तर नुसतं "बरा झाला" म्हणाले.

बरंच अंतर गेल्यावर मला राहवलं नाही. "केळुसकर, एक विचारू? रोज त्याच्याशी भांडता. एकदा तर ताट सरकवून उठला होतात. आणि त्याच्यासाठी तुरुंगात जाऊन आलात?"

त्यांनी काच खाली करून बाहेर बघितलं. वेंगुर्ल्याचं घर बंद आहे, बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मुलगी सासरी सुखात आहे, हे मला ऐकून माहीत होतं. त्यांच्या तोंडून ते कधी आलं नव्हतं, तेव्हाही आलं नाही.

मेसच्या दाराशी गाडी थांबली. आतून तळणीचा वास येत होता. केळुसकरांनी दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"कुलकर्ण्यानू, भांडूक तरी माका हंय दुसरो कोण आसा?"