हौसाआत्याची पावडर

माझी हौसाआत्या म्हशीची धार काढायला जाण्याआधी तोंडाला पावडर लावायची.

हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल तर हरकत नाही. सगळं कन्हेरी गाव हसत होतं. पहाटे उठून चूळ भरायची, तोंड खसाखसा धुवायचं, पडवीच्या खांबाला टांगलेल्या आरशासमोर उभं राहायचं आणि गाल, कपाळ, मान सगळं पांढरंफेक करून मग चरवी घेऊन गोठ्यात शिरायचं. कुणी छेडलं की आत्या म्हणायची, "सकाळच्या पारी म्हस पयलं तोंड कुणाचं बघती? माझंच न्हवं? मग त्ये धड नको?" आणि गंमत म्हणजे, पावडर न लावता गोठ्यात जाणाऱ्या सुनेला ती म्हैस खरोखरच लाथ मारायची. त्यामुळे वाद तिथंच संपायचा.

हौसाआत्या माझ्या वडिलांची चुलतबहीण. आमचं घर इंदापूरला, माझं कॉलेज बारामतीत, म्हणून मी कन्हेरीला तिच्याकडे राहत होते. तिनं साठी ओलांडली होती. तरुणपणीच कपाळ पांढरं झालेलं, पदरात एकच मुलगा, भानुदास. तो मोटारसायकलवर एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला जायचा. अशा बाईनं कसं राहायचं याचे गावाचे नियम ठरलेले होते. आत्यानं त्यातला एकच पाळला, कुंकू लावलं नाही. बाकी पावडर, काजळ, केसांना काळी मेंदी, आणि सणावाराला चक्क लिपस्टिक.

ती लिपस्टिक घेतली तेव्हा मी सोबत होते. बारामतीच्या बाजारात दुकानदारानं नेहमीच्या सवयीनं विचारलं, "आजी, नातीला का?"

"न्हाय बाबा. नातीचं तोंड चांगलं हाय. मला दे."

दुकानदाराच्या हातातली लिपस्टिक खाली पडली. आत्यानं वाकून ती स्वतःच उचलली, झाकण काढलं, रंग उन्हात धरून बघितला आणि म्हणाली, "ह्यो वांग्यावानी दिसतोय. टमाट्याचा काढ."

आता माझी अडचण समजून घ्या. मी चळवळीतल्या घरात वाढले. इतर घरांत देवाच्या पोथ्या असतात तशी आमच्या घरात पत्रकं होती. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर, आणि लिहायला शिकले ती त्यांच्या कोऱ्या मागच्या बाजूवर. ते दिवस सौंदर्यस्पर्धांचे होते. टीव्हीवर मुकुट घातलेल्या मुली रडत होत्या, बारामतीच्या गल्लीबोळांत ब्यूटी पार्लरच्या पाट्या लागत होत्या, आणि कालपर्यंत एस.टी.च्या भाड्यावरून मोर्चा काढणाऱ्या माझ्या मैत्रिणी भुवया कोरून येत होत्या. माझं रक्त उसळत होतं. मी एकाच बैठकीत पत्रक लिहून काढलं. मथळा होता, 'चेहरा आमचा, बाजार कुणाचा?' पुरुषी नजरेसाठी नटणं ही गुलामी आहे, पावडरचा डबा ही नव्या जमान्याची बेडी आहे, असं त्यात ठणकावून लिहिलं होतं. त्यातला शब्दन् शब्द मला आजही मान्य आहे.

शाई वाळायच्या आत ते मी आत्याला वाचून दाखवलं. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"झाक लिवलंयस," ती म्हणाली. "पर पुरुषाच्या नजरंसाठी म्हंजे कंच्या पुरुषाच्या?"

"सगळ्याच."

"मला कोण बघतंय गं? आमचा रेडाबी मान फिरवून जातो."

"मग नटतेस कशाला?"

तिनं भाकरी उलटली. "आगं पत्रकवाले, तरण्या पोरीला काय गरज हाय पावडरची? ती नुसती हसली तरी भागतंय. तुझ्या पार्लरवाल्या येड्याच हायती. पावडर आमच्यासाठी असती. शिळी भाकर ताटात घ्यायच्या आदी आपुन तव्यावर टाकतो का न्हाय? मग? तोंड काय उसनं आणलंय व्हय?"

'तोंड काय उसनं आणलंय व्हय' हे तिचं ठेवणीतलं वाक्य. मुलगा म्हणाला, आई, कंपनीतले साहेब चहाला येणार आहेत, आज जरा तोंड धू, तरी हेच. सून शालन म्हणाली, आत्याबाई, बायका हसतात, तरी हेच. तिच्या मते तोंड ही ज्याची त्यानं सांभाळायची वस्तू होती, आणि ज्यानं सांभाळली नाही त्याच्या वाट्याला काय येतं याचा पुरावा तिच्याच घरात भिंतीवर टांगलेला होता.

तो पुरावा म्हणजे तिच्या नवऱ्याचा फोटो. खरं तर चित्र. आमच्या लोकांच्या पूर्वी मेंढ्या असायच्या. दसऱ्यानंतर वाडा, म्हणजे माणसं-मेंढरांचा सगळा तांडा, कोकणात उतरायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. एका वर्षी आत्याचा नवरा मेंढ्यांबरोबर गेला आणि तिकडेच तापानं दगावला. सोबतच्यांनी तिकडेच माती दिली, घरी आली ती फक्त घोंगडी. त्या माणसानं आयुष्यात फोटो काढलेला नव्हता. मुलगा मोठा झाल्यावर म्हणू लागला, भिंतीवर बाप पाहिजे. मग बारामतीच्या एका पेंटरला गाठलं. त्याला समोर बसवायला कुणी तरी हवं, म्हणून आत्याचा धाकटा दीर, तुकाआबा, स्टुलावर बसला. "ह्याच्यावानीच काढ, फकस्त मिशा जाड कर," असं पेंटरला सांगितलं. पेंटरनं तंतोतंत तुकाआबा काढला आणि मिशा जाड केल्या.

तेव्हापासून घरात तुकाआबाची पूजा होते. पितृपक्षात त्याला हार चढतो, उदबत्ती लागते, आणि तुकाआबा स्वतः त्याच फोटोखाली मांडी घालून चहा पितो. गावातली पोरं त्याला विचारतात, "आबा, वर कसं काय वाटतंय?" आबा गंभीर चेहऱ्यानं सांगतो, "हार जरा टोचतोय."

आत्याही या विनोदाला हसायची, पण एकदा फोटो पुसता पुसता मला म्हणाली, "रोज ह्याला बघून बघून त्येंचं तोंड पुसलं गेलं गं माझ्या डोळ्यातनं. आटवाय गेलं की तुकारामच येतो." आणि फडकं झटकून कामाला लागली.

अशात निवडणुकीची ओळखपत्रं निघाली. फोटोचं ओळखपत्र! दवंडी झाली, प्रत्येकानं अमक्या दिवशी शाळेत येऊन फोटो काढून घ्यायचा, सरकार फुकट काढणार. गावातल्या पुढाऱ्यांना त्यात मतं दिसली, मला लोकशाही दिसली, आणि हौसाआत्याला जे दिसलं ते दुसऱ्या कुणालाच दिसलं नाही. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्मात फोटो निघाला नव्हता. आता निघणार होता तो एकच, आणि उद्या डोळे मिटले की तोच मोठा करून भिंतीवर लागणार होता.

"ह्यात तोंड बिघडलं की कायमचं बिघडलं," ती म्हणाली. त्या दिवशी तिनं धारसुद्धा घाईत काढली.

शाळेच्या पटांगणात मी पोचले तेव्हा तिथं लग्नघर झालं होतं. आत खोलीत पांढरा पडदा, कॅमेरेवाला, नावं पुकारणारे तलाठी. बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली म्हाताऱ्यांची रांग, आणि रांगेच्या तोंडाशी पावडर, तेल, कंगवा, काजळ मांडून बसलेली हौसाआत्या. एकेकीला पुढ्यात घेत होती. हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवायचं, पदरानं घाम टिपायचा, तेल चोपून केस बसवायचे, गालावर पावडर, आणि शेवटी हुकूम, "आत गेल्यावर तोंड मिटायचं, डोळं उगडायचं. उलटं करू नगंस."

तलाठी बाहेर येऊन ओरडले, "हौसाबाई, हे सरकारी काम आहे, तमाशा नाही."

"मग सरकारला चांगलं तोंड नको व्हय, रावसाहेब? तुमी मातुर भांग पाडून आलाय."

तलाठ्यांचा हात आपोआप भांगाकडं गेला. रांगेत हशा पिकला. ते आत गेले ते परत बाहेर आले नाहीत.

एका म्हातारीनं मात्र दाद दिली नाही. ती पारूबाई, आत्याची लहानपणापासूनची शेजारीण. वर्षभर खोकत होती, अंगात काही उरलं नव्हतं, पोरगा खांद्याला धरून घेऊन आला होता. विस्कटलेले केस, डोळ्यात चिपाड. आत्यानं हनुवटीला हात घातला तो तिनं झटकला.

"लांब हो. माजं काय लगीन हाय हितं?"

"पारे, नुसतं तोंड पुसती."

"सरणावर जायची येळ आली, आन तुला पावडर सुचतीया?"

"त्याच्यासाठीच," आत्या म्हणाली.

पारूबाईचा पोरगा खाली बघू लागला. आत्या उकिडवी बसली आणि हळू आवाजात बोलू लागली. "पारे, माज्या घरात भितीवर कोण हाय, ठावं हाय न्हवं? तुजा फोटू धड न्हाय निगाला, तर पोरगा पेंटरकडं जाईल. पेंटर म्हनंल, हिच्यासारकं दिसणारं मानूस आना. मग कुनाला नेऊन बसवील? सांग."

पारूबाई विचारात पडली. तिच्यासारखी दिसणारी एकच बाई होती, कळंबला दिलेली तिची बहीण. आईच्या पाटल्यांवरून दोघींचं बोलणं कधीचं तुटलेलं.

"त्या भवानीला?" पारूबाई म्हणाली.

"तिलाच. आन तुजी नातवंडं तिच्या पाया पडणार."

पारूबाईनं डोळे मिटून तोंड पुढं केलं. "लाव. चांगली घसघशीत लाव."

आत्यानं तिला किती वेळ दिला! चिपाड काढलं, बोटानं भुवया सारख्या केल्या, खोल गेलेल्या गालांवर पावडर अशी हळुवार पसरली की गाल भरल्यासारखे वाटले. पारूबाई आत गेली. फोटो निघाला. बाहेर आली ती पोराचा हात सोडून, एकटीनं चालत. सगळ्या म्हाताऱ्या एकदम बोलायला लागल्या आणि कॉलेजातली मी, खिशात पत्रकांची गड्डी असलेली मी, लिंबाखाली उभी राहून टाळ्या वाजवत होते.

मग आतून पुकारा झाला. आत्याचं नाव.

ती उठली. तेव्हा मी तिच्या तोंडाकडं नीट बघितलं. सकाळपासून उन्हात राबून तिची स्वतःची पावडर घामानं पार वाहून गेली होती. गालांवर पांढरे ओघळ, काजळ पसरलेलं. तिनं हात वर केले आणि तसेच थांबवले. दोन्ही हात कोपरापर्यंत तेलानं आणि काजळानं माखलेले होते.

"अगं बया," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच मला ती घाबरलेली दिसली. इकडं तिकडं बघितलं. म्हाताऱ्या आपापले चेहरे सांभाळत पांगल्या होत्या. शालन घरी होती. "पत्रकवाले, तू लाव की गं."

मी कधी पावडरच्या डब्याला हात लावला नव्हता. तिला पायरीवर बसवलं. तिच्याच पदराचं टोक ओलं करून तिचं तोंड पुसलं. कपाळ, नाकाच्या कडा, डोळ्यांखालच्या बारीक सुरकुत्या. धुतलेल्या त्या तोंडावर बडबड, टोमणे, मिजास काहीच नव्हतं. बोटांवर पावडर घेतली आणि तिनं इतरांच्या गालांवर पसरलेली बघितली होती तशी हळूहळू पसरवत गेले. तिची कातडी मऊ होती आणि गरम. आत्यानं डोळे मिटले.

"झालं, आत्या. डोळे उघड."

तिनं उघडले नाहीत.

आतून तलाठ्यांनी दुसऱ्यांदा नाव पुकारलं.

"जरा ऱ्हाऊ दे," ती पुटपुटली. "माज्या तोंडाला कुनी हात लावून लई वर्सं झाली गं."

पावडर पुरेशी लागली होती. मी बोटांवर आणखी थोडी घेतली.