पुढचा तास

मलकपेठेतल्या आमच्या घरात घड्याळं तीन होती आणि तिन्ही शोभेची. घर चालायचं ते बाईंच्या घंटेवर.

बाई म्हणजे माझ्या सासूबाई. मराठी शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं. पोटची मुलंही त्यांच्याच वर्गात, म्हणून तीसुद्धा 'बाई'च म्हणायची. मी आले सून होऊन, मीही तेच उचललं. पुढे पोरं आटली, शाळा बंद पडली, तेव्हा बाई तिथली घंटा रिक्षात घालून घरी घेऊन आल्या. घंटा कसली, रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा आणि एक हातोडी. तुकडा व्हरांड्यात टांगला आणि आमची शाळा भरली.

साडेपाचला उठायचा टोल, साडेआठला जेवणाचा. पाहुण्यांना एक तास, तोही शाळेतला, पस्तीस मिनिटांचा. माझे सख्खे मामा एकदा अर्धा कप चहा टाकून उठले होते. आठ दिवस धुमसत होते मी! समोरचे किराणावाले युसुफभाई मात्र बाईंच्या सकाळच्या टोलावर दुकान उघडायचे. "टीचरम्मा की घंटी गलत नै होती," म्हणायचे.

रडणं असो, भांडण असो, बाईंचं ठरलेलं वाक्य: "झालं? चला, पुढचा तास." मामंजी गेले, तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी साडेपाचला टोल पडला. काळजाच्या जागीही रुळाचाच तुकडा आहे या बाईच्या, असं मी नवऱ्याला सरळ म्हणाले.

मग आमची लेक स्वाती अमेरिकेला निघाली. त्या वर्षांत गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. पोरगी शिकली, तिकडची नोकरी लागली. तिचं गणित बाईंनीच कान पिळून पक्कं केलेलं. नामपल्ली स्टेशनावरून सव्वापाचची मुंबईची गाडी, पुढे विमान. घरातून चारला निघायचं.

"चारचा टोल मी देते," बाई म्हणाल्या. मग घड्याळाकडे कोण कशाला बघतंय? नवरा बॅगेला दोरी आवळत बसला, मी डबे भरत बसले.

तेवढ्यात फाटकातून ऑटोवाला ओरडला, "अम्मा, साडेचार हो गए! गाडी छूट जाती!"

घरभर धावाधाव झाली. बाई घंटेखाली खुर्चीत ताठ बसलेल्या. हातोडी पदराखाली, मुठीत घट्ट.

"विसरले," त्या म्हणाल्या.

बाई आणि विसरल्या! स्वातीने त्यांच्या मुठीवर आपली मूठ ठेवली, त्यांना उठवलं आणि दोघींनी मिळून टोल दिला.

"चला बाई, पुढचा तास," ती म्हणाली. बाईंना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

गाडी मिळाली, धापा टाकत का होईना. बाई त्यानंतर अकरा वर्षं जगल्या, नव्वदी ओलांडून गेल्या. पण त्या टोलावरून मी त्यांना कधी चिडवलं नाही. कोणत्या तोंडाने चिडवणार? माझ्या मनगटावर घड्याळ होतं. चारला पाच कमी असताना मी ते बघितलं होतं, आणि पदराने झाकून पुन्हा डबे भरायला बसले होते.