काजलचा आल्बम

स्वतः रचलेली, गिटारवर स्वतःच गायलेली सहा गाणी. काजलचा हा पहिलावहिला अल्बम रविवारी सकाळी अकरा वाजता मोबाइलवर सगळ्या जगाला ऐकू येणार होता. खर्डीजवळच्या त्या पाड्यात एवढी मोठी गोष्ट आजवर घडली नव्हती. तिची आई सकुबाई शुक्रवारपासून हवेतच होती. त्या भरात तिने मुरबाडच्या नणंदेला फोन लावला.

"हिरी वन्सं, काजलचा आल्बम येतोय! रविवारी अकराला घरी या!"

"आल्बम? म्हंजे झालं कदी?"

"गेल्या म्हयन्यात, वाशिंदला! पोरीनं आमालापन मागून सांगितलं."

"आन् सोबत कोन?"

"हरेश हाय एक. त्याच्याच खोलीत झालं सगलं..."

इथे रेंज गेली.

हिरीआत्या ओट्यावर मटकन बसली. लग्नाशिवाय कधी अल्बम निघतो का? भाची पळून जाऊन लग्न करते आणि सख्ख्या आत्याला थेट फोटो बघायला बोलावतात! ती घटकाभर रडली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "झालं ते झालं. पोर आपली हाय."

रविवारी पावणेअकराला काजल अंगणात गिटारच्या तारा जुळवत होती. समोर पंधरा खुर्च्या आणि चार मैत्रिणी. तिची गाणी रेकॉर्ड करणारा हरेश स्पीकरच्या वायरी जोडत उकिडवा बसला होता. तेवढ्यात हॉर्न वाजवत टेम्पो आला. त्यातून बावीस माणसं, स्टीलचा हंडा, हळदीची वाटी आणि लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण बुधीआजी उतरली.

"हरेश कोन?" आत्याने विचारलं.

"मी. काय झा..."

पुढचा शब्द यायच्या आत त्याचे दोन्ही गाल पिवळे झाले. बुधीआजीने खड्या आवाजात धवला सुरू केला.

"आते, थांब गो! तो रेकॉर्डिंगवाला हाय!"

"रेकॉर्डिंगपन केलंय? आन् आमाला बोलवलं नाय?"

"मावशी, माझं लगीन झालंय!" हरेश ओरडला. "दोन पोरं हायत मला!"

धवला थांबला. आत्या हंड्यावरच बसली. "दोन पोरांचा बाप! काय गो केलंस काजल!"

अकरा वाजले, अल्बम मोबाइलवर आला. समजावत बसायला वेळ नव्हता. काजलने डोळे मिटले आणि तार छेडली. करवंदाला डोंगरावर गेलेल्या पोरींचं गाणं. पहिल्या कडव्याला कुजबुज थांबली. तिसऱ्या गाण्याला बुधीआजी टाळी धरून धृपद म्हणू लागली. सहावं संपलं तेव्हा बावीस जण एका सुरात ओरडले, "परत पयल्यापासून!"

पिवळ्या तोंडाचा हरेश मोबाइल नाचवत होता. "काजल, तीनशे जनांनी ऐकलं!"

सकुबाईने मग नणंदेला सगळं नीट सांगितलं.

"म्हंजे लगीन नाय?"

"नाय."

"नुसती गानी?"

"नुसती गानी."

आत्या हंडा उचलून टेम्पोकडे निघाली. आता ती टेम्पो परत फिरवणार, असं काजलला वाटलं. आत्या खरोखरच टेम्पोवर चढली, पण रेंजसाठी. तिने धसईच्या जावेला फोन लावला.

"बाईजा, पुढल्या रविवारी आमच्या अंगनात काजलचा आल्बम हाय. सगली या."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आत्याने हसू दाबलं.

"नवरा ना? ते आल्यावर सांगते. तू टेम्पो भरून ये."