तजुर्ब्याची पुस्तकं

शिवलिंगअप्पांना कोरं पुस्तक चालत नाही. दुकानदाराने समोर ठेवलं तर ते पान न उघडता, नुसतं हातात तोलून परत करतात आणि म्हणतात, "ह्याला तजुर्बा न्हाई." ज्या पुस्तकावर अभ्यास करून एखादं पोर डॉक्टरकीला लागलं, तेवढंच पुस्तक खरं, बाकी सगळी रद्दी, असं त्यांचं मत आहे. हे मत त्यांनी कुणी विचारायची वाट न पाहता आख्ख्या पालममध्ये वाटलेलं आहे.

मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो आणि अप्पांच्या शेजारी राहतो. यातली एकच गोष्ट असती तर मी सुटलो असतो. अप्पांचं बसस्टँडजवळ बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, अंगात पांढरा नेहरू शर्ट आणि समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडायची सवय. त्यांची एकुलती एक मुलगी गौरी माझ्याच वर्गात बारावीला होती. आई लहानपणीच गेलेली, घरात ही दोघंच. गौरीला नीटची परीक्षा देऊन एमबीबीएसला जायचं होतं, आणि ती जाणारच याविषयी अप्पांना यत्किंचितही शंका नव्हती. शंका होती ती माझ्याविषयी.

"सर, तुमी लय शिकलेले हाव, मान्य," ते एकदा चहा पिता पिता म्हणाले, "पर तुमच्या हातचं एक तरी पोर डाक्टर झालंय का?"

मी म्हणालो, "अजून नाही."

"मग तुमी बी कोरेच की," असं म्हणून त्यांनी बशी संपवली. चहा माझ्या घरचा होता.

निकाल लागला की लोक पेढे वाटतात. अप्पा शाल आणि नारळ घेऊन एसटीत बसतात. जिल्ह्यात कुठेही कुणाचं पोर मेडिकलला लागलं, की अप्पा त्याच्या दारात हजर. आधी सत्कार. पोराच्या खांद्यावर शाल, हातात नारळ, आई-बापाला हात जोडून दोन शब्द. घरातली माणसं भारावतात, कोण कुठला माणूस, पालमहून एवढा आला म्हणून चहा-पोहे करतात. पोहे संपत आले की अप्पा सहज विचारल्यासारखं विचारतात, "मग आता त्या जुन्या पुस्तकांचं काय करायलाव?" पूर्णेच्या एका रेल्वेवाल्याच्या मुलीचं फिजिक्स त्यांनी असंच आणलं. घरी आणल्यावर पुस्तकाला भस्म लावायचं, देवापुढे ठेवायचं आणि मगच गौरीच्या हातात द्यायचं, हा रिवाज होता. गौरीचं सगळं टेबल भस्माने पांढरं झालेलं असायचं.

अभ्यासाचा वेगही अप्पाच ठरवत. कॅलेंडरवर त्यांचा विश्वास नाही, कारण कॅलेंडरला पाऊसपाणी कळत नाही. त्यांचं सगळं वेळापत्रक पिकावर. सोयाबीन निघेपर्यंत मेकॅनिक्स झालं पाहिजे. हरभरा घाटे धरायच्या आत ऑरगॅनिक. ज्वारी काढणीला आली की नवीन काही वाचायचं नाही, फक्त राखण. रिव्हिजनला ते दुसरी फवारणी म्हणत. गौरी सराव परीक्षेत घसरली की मला दारात गाठून विचारत, "सर, पिवळी पडायलीय पोरगी. कोणता डोस देऊ?"

"झोपू द्या तिला थोडं," मी म्हणायचो.

"झोप काय खत हाय का?" ते म्हणायचे. पण त्या दिवशी त्यांच्या घरातला रेडिओ बंद असायचा, हे भिंतीपलीकडून मला कळायचं.

त्या वर्षी सोयाबीन लवकर निघालं, आणि गौरीचं मेकॅनिक्स व्हायचं होतं. अप्पा अस्वस्थ झाले. शेवटी त्यांनी जाहीर केलं, "पीक हळवं निघालं. त्यात पोरीची काय चूक?" आणि मेकॅनिक्सला कापसाच्या वेचणीपर्यंत मुदत दिली. गौरी हे सगळं निमूटपणे ऐकायची आणि स्वतःच्या हिशेबाने अभ्यास करायची. बापाला दुखवायचं नाही आणि बापाचं ऐकायचंही नाही, ही अवघड कला तिला छान जमली होती.

ऑरगॅनिकचं पुस्तक अप्पांनी चारठाण्याहून आणलं. गाड्या बदलत बदलत, शाल-नारळ सांभाळत गेले. पोरगा आधीच कॉलेजला निघून गेला होता, म्हणून सत्कार त्याच्या आईचाच केला. त्या माउलीने माळ्यावरून पुस्तक काढून दिलं. पानोपानी लाल रेघा! अप्पा हरखले. "बघा सर," ते म्हणाले, "पोरानं रस्ता आखून ठिवलाय. गौरीनं निस्तं ह्या रेघांवरून चालायचं." दिवाळीच्या आधीपासून संक्रांतीपर्यंत गौरी त्या लाल रेघांवरून चालत होती.

संक्रांतीला चारठाण्याहून फोन आला. मी तेव्हा अप्पांच्या दुकानातच होतो. फोनवर ती माउली होती आणि तिचा आवाज मोबाइलबाहेर सांडत होता. "अप्पा, घोटाळा झाला बगा. धाकट्याचं पुस्तक तर घरातच सापडलं. तुमी नेलं ते थोरल्याचं हाय. थोरला दोनदा बसला, जमलं न्हाई. आता शेळ्या पाळायलाय."

अप्पांचा चेहरा मी आजवर दुष्काळातही असा पाहिला नव्हता. त्यांनी दुकान तसंच उघडं टाकलं, घरी गेले, पुस्तक उचललं आणि आणून तणनाशकाच्या खोक्यांमागे ठेवलं. पाठोपाठ गौरी आली आणि पुस्तक परत काढून घेतलं.

"अप्पा, त्याला जे कळलं न्हाई त्याच्याखाली त्यानं रेघा मारल्यात," ती म्हणाली. "मला बी नेमकं तेच कळंना. आता सरांकडून समजून घेते."

मग ती रोज त्या रेघा घेऊन माझ्याकडे येऊ लागली. चारठाण्याच्या त्या थोरल्याला न कळलेल्या बऱ्याच गोष्टी मलाही नीटशा कळलेल्या नाहीत, हे मला त्या दिवसांत कळलं. मी पुन्हा पुस्तकं उघडली. हे मी अप्पांना सांगितलं नाही.

नीटचा निकाल लागला. केमिस्ट्रीत गौरीला उत्तम गुण होते. फिजिक्समध्ये, पूर्णेच्या तजुर्बेकार पुस्तकात, ती घसरली होती. सरकारी जागा थोडक्यात हुकली. अप्पांनी दोन दिवस दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी ते शाल आणि नारळ घेऊन बसस्टँडकडे निघालेले मला दिसले. आता फिजिक्सचं दुसरं पुस्तक आणणार होते.

त्याच दुपारी गौरी आमच्याकडे आली. आमच्या हिच्याजवळ स्वयंपाकघरात थोडा वेळ बसली, मग बाहेर येऊन मला म्हणाली, "सर, मला लातूरला क्लासला जायचंय. वसतिगृहात राहून वर्षभर करते. इथं माझी चूक मला दाखवायला कुणी न्हाई. पण अप्पांजवळ लातूरचं नाव काढलं की ते पुस्तक आणायला निघतात. तुमी बोला ना त्यांच्याशी."

लातूरविरुद्ध अप्पांची तक्रार मला पाठ होती. तिथलं पाणी जड आहे, तिथली पोरं एकमेकांकडे बघून घाबरतात, क्लासवाले मेंढरं कोंबावी तशी पोरं कोंबतात. ते परत आले तेव्हा मी हे सगळं त्यांना बोलू दिलं. मग विचारलं, "अप्पा, पोरीला डॉक्टर करायचंय की नाही?"

"करायचंय की."

"मग पाठवा."

अप्पा हातातल्या पुस्तकाचा कोपरा अंगठ्याने दुमडत राहिले. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात ते म्हणाले, "सर, ती गेली तर घरात बोलावं कुणासंग? दुकानात गिऱ्हाईक बोलतंय, पर ते युरियाचं बोलतंय." मग चष्मा काढून पुसला. "मला फिजिक्समधलं ढेकूळ कळत न्हाई. सगळं घरीच मिळालं तर पोरगी कशाला जाईल, म्हणून आणायलो पुस्तकं. माझ्यापायी तिचं वरीस गेलं का हो?"

मला या माणसाची तोवर नुसती मजा वाटत आली होती. त्या क्षणी ती वाटेना. गेलं असं म्हणवेना आणि नाही म्हटलं तर खोटं झालं असतं. मी म्हणालो, "पुढचं वर्ष आहे ना हातात."

आठवड्याभरात अप्पा स्वतः गौरीला लातूरला पोचवून आले. परतल्यावर वसतिगृहाच्या व्यवस्थापकाविषयी, खाटेविषयी, डाळीच्या पातळपणाविषयी त्यांनी मला सविस्तर माहिती दिली. वसतिगृहाचा नियम असा की मुलींनी घरी फोन करायचा तो फक्त रविवारी.

पहिल्या रविवारी अप्पा सकाळपासून आमच्या ओट्यावर येऊन बसले, कारण त्यांच्या घरात रेंज येत नाही म्हणे. येते, मला माहीत आहे. दुकान बंद होतं. खरिपाच्या ऐन गर्दीत दुकान बंद ठेवलेला बियाणेवाला पालमने पहिल्यांदाच पाहिला असेल. दोन गिऱ्हाइकं शोधत इथपर्यंत आली, त्यांना अप्पांनी उद्या या म्हणून वाटेला लावलं. मोबाइल गुडघ्यावर उताणा ठेवला होता.

दुपारी फोन वाजला. अप्पा उठून उभेच राहिले.

"हां, बोल... हां... बरं हाय... हां, झालं की... बरं, आता लय बोलू नको. पोरी थांबल्या असतील मागं. वाचायला बस." आणि त्यांनी स्वतःच फोन बंद केला.

मी थक्क झालो. "अहो अप्पा, एवढ्यात? ती बोलत होती ना अजून?"

"बोलायली होती," ते म्हणाले. "पर आपण किती खायचा तिचा वेळ?"

"काय विचारत होती?"

"जेवलाव का म्हणली."

"मग?"

"जेवलो म्हणलो."

सकाळपासून ते ओट्यावरून हलले नव्हते. आमच्या हिने दारातून हे ऐकलं असावं. आत ताटांचा आवाज झाला, आणि थोड्या वेळाने तिने हाक मारली, "अप्पा, हात धुवून घ्या."

अप्पांनी एकदा मोबाइलकडे पाहिलं, तो खिशात ठेवला आणि उठून हात धुवायला गेले.