ईशान्येचा ढाळ

शहादा तालुक्यातलं एकमेव पूल टेबल सपाट आहे, याबद्दल कोणी शंका घेण्याचं कारण नाही. तसा दाखला भिंतीवर टांगलेला आहे. तपासणी समितीने तो दिला तेव्हा टेबल खोक्यात होतं आणि खोकं टेम्पोत होतं. पण समितीला जेवून पुढे नवापूरला पोचायचं होतं, आणि सपाट वस्तू खोक्यातही सपाटच असते, असं समितीचं मत पडलं.

क्लबने टेबल मांडलं लोणखेडा रस्त्यावरच्या बंद पडलेल्या दूध डेअरीच्या शेडमध्ये. कॅन धुतल्यावर पाणी मोरीकडे जावं म्हणून तिथल्या फरशीला ढाळ दिलेला होता. दूध गेलं, कॅन गेले, ढाळ राहिला. बॉल टेबलाच्या मधोमध ठेवला की तो घटकाभर विचार करी आणि मग सांजेला म्हैस गोठ्याकडे निघावी तसा मोरीकडच्या कोपऱ्यातल्या पॉकेटकडे चालू लागे.

एका सभासदाने पायाखाली पाचर मारायचं सुचवलं. क्लबचे अध्यक्ष धर्मचंदशेठ मिरचीचे मोठे व्यापारी. त्यांनी त्याला प्रेमाने शेजारी बसवलं.

"पाचर मारली म्हणजे टेबल वाकडं होतं हे आपणच कबूल केलं. मग दाखल्याचं काय? दाखला देणाऱ्या साहेबांचं काय? आणि ढाळ कुठल्या दिशेला आहे ते तरी बघा. ईशान्येला! लोक बंगले फोडून ईशान्येला ढाळ करून घेतात. आपल्याला तो फुकटात मिळालाय."

तो सभासद पुढे कॅरम खेळू लागला.

टेबलाला हात लावायचा नाही म्हटल्यावर खेळाडूंना सुधारणं आलं. प्रशिक्षक म्हणून गिरासे सरांची नेमणूक झाली. सरांनी जन्मभर कबड्डी शिकवली होती. परंतु दोन्ही खेळांत वाकावं लागतं, हे क्लबच्या समितीने ध्यानात घेतलं. सरांनी वाकून पाहिलं आणि तंत्र बसवलं. पॉकेटच्या एक वीत वर नेम धरायचा, हळू मारायचं, आणि हात जोडून उभं राहायचं.

"भो, बॉलले घाई करू नको," ते सांगत. "तो चालस. त्याले घर माहीत शे."

या तंत्रात धर्मचंदशेठांचा पुतण्या रिषभ इतका तरबेज झाला, की सलग तीन वर्षं जिल्हा अजिंक्यपद त्याच्याकडे राहिलं. सलग तीन वर्षं तो राज्य स्पर्धेला नाशिकला गेला, आणि तिन्ही वेळा एकही बॉल न पाडता परत आला.

"तू मारतोयस कुठे?" तिथल्या पंचाने पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"पॉकेटात."

"पॉकेट इकडे आहे."

"येईल तिकडे," रिषभ म्हणाला आणि हात जोडून उभा राहिला.

पंचही थोडा वेळ थांबला. बॉल आला नाही.

या पराभवांची समितीने गंभीर दखल घेतली. नाशिकचं टेबल सदोष असल्याचं पत्र गेलं, आणि तंत्र कमी पडतंय म्हणून नेम एका वितीवरून दोन वितींवर नेण्यात आला. दुसऱ्या वर्षी रिषभचा बॉल टेबलाबाहेर गेला. ही प्रगती मानण्यात आली.

आता हे त्याचं एकवीस वर्षांखालच्या गटातलं शेवटचं वर्ष होतं. त्याला पदक नको होतं. शहाद्याच्या बाहेर, परक्या टेबलावर, एकदा तरी बॉल पॉकेटात पडल्याचा आवाज ऐकायचा होता.

त्याच्या मनात किडा सोडला होता प्रिस्किलाने. खांडबाऱ्याची ही मुलगी परराज्यात, उधन्याला मावशीकडे राहून पूल शिकलेली. आदल्या वर्षी जिल्ह्याच्या निवड स्पर्धेत तिने सगळे नेम सरळ धरले आणि सगळे चुकले. जाताना ती म्हणाली, "दादा, टेबलाला ढाळ आहे तुमच्या." सगळे हसले. गिरासे सरांनी अहवालात लिहिलं, 'खेळात सरळपणाचा दोष आहे.'

रिषभही हसला होता. पण घरी येऊन त्याने दुकानाच्या काचेच्या काउंटरवर बॉल ठेवला. बॉल तिथेच राहिला. शहाद्यात उभा राहिलेला बॉल तो पहिल्यांदाच बघत होता.

मग तिसऱ्यांदा नाशिकहून हरून आल्यावर त्याने मिरचीच्या खोक्याच्या फळीची पाचर तासली. दुपारी सगळं शहादा जेवून झोपलेलं असे, तेव्हा तो पाचर पायाखाली सारून खेळे आणि संध्याकाळी काढून खिशात घाले. टेबल कागदोपत्री दगडी फळीचं होतं, प्रत्यक्षात प्लायवूडचं. त्यामुळे एकट्याला उचलत होतं. महिन्याभरात तो सरळ मारायला शिकला. बॉल बघेल तिकडे जातो, हे कळल्यावर त्याला रडू आलं.

निवड स्पर्धेच्या दिवशी त्याने पाचर काढलीच नाही. होऊ दे खरी परीक्षा, त्याने ठरवलं. जो जिंकेल तो नाशिकला शोभेल.

सकाळपासून अनर्थ सुरू झाला. दोन वितींचे खेळाडू हात जोडून उभे राहिले आणि बॉल जागचे हलले नाहीत. "टेबलले नजर लागनी!" गिरासे सर ओरडले. धर्मचंदशेठांनी लिंबू-मिरची मागवली. रिषभ मात्र एकेक फेरी जिंकत गेला. अंतिम सामन्यात समोर प्रिस्किला आली.

ती सरळ खेळत होती, आणि आता सगळं सरळच होतं. रिषभ महिन्याभरात शिकला होता, ती सहा वर्षं शिकत होती.

"पोरगी धुई टाकी रे रिषभ!" चहावाला दोधू दारातून म्हणाला.

"बेटा, घराण्याचं नाव आहे," धर्मचंदशेठ हळूच म्हणाले.

रिषभचे दोन बॉल उरले होते, प्रिस्किलाचा फक्त काळा. काळा मधल्या पॉकेटसमोर, अगदी रेषेत. तिने क्यूला खडू लावायला पाठ वळवली.

तेव्हा रिषभला एकाएकी नियम आठवले. दाखल्यात पाचरीचा उल्लेख नाही. म्हणजे पाचर अनधिकृत. अनधिकृत पाचरीवर झालेला सामना अवैध ठरला तर बिचाऱ्या मुलीचंच नुकसान. टेबल मूळ स्थितीत आणणं हे त्याचं कर्तव्यच होतं. तो कोपऱ्याला कमरेने रेलला, टेबल किंचित उचललं, आणि पायाच्या अंगठ्याने कर्तव्य बजावलं.

प्रिस्किलाने हळू, सरळ मारलं. काळा निघाला, घटकाभर विचार केला, वळला आणि मोरीकडच्या कोपऱ्यात जाऊन पडला. चुकीच्या पॉकेटात काळा म्हणजे हार.

ती आधी टेबलाकडे आणि मग त्याच्या चपलेकडे बघत राहिली.

"दादा, आत्तापर्यंत सपाट होतं."

"सपाटच आहे," रिषभने भिंतीकडे बोट केलं. "दाखला वाच."

"इतलं सरळ खेळनारं माणूस टिकस का कोठे?" गिरासे सर हळहळले.

नाशिकला चौथ्यांदा काय झालं ते सांगत बसत नाही. परत आल्यावर रिषभची सहाय्यक प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. तो अडीच विती शिकवतो. प्रिस्किला आता उधन्याकडून खेळते. ती जिंकली की शहाद्याच्या चौकात 'आमची कन्या' म्हणून बॅनर लागतो आणि त्यावर धर्मचंदशेठांचा फोटो तिच्याहून मोठा असतो.

रिषभचा राग आला ना तुम्हाला? यावा. आता तुमच्या ऑफिसातल्या टेबलावर एक पेन्सिल ठेवून बघा. ती घरंगळून समोरच्याच्या मांडीवर पडली, तर तुम्ही आजच्या आज तक्रार लिहाल. तुमच्याच मांडीवर पडली, तर पेन्सिल खिशात घालाल आणि ही गोष्ट त्या समोरच्याला वाचायला द्याल.